सहा, तीन, पंधरा

आमच्या सिंगापूरच्या ऑफिसात तक्रार फुकट करता येत नसे. हा नियम बॉसचा नव्हता, काकांचा होता. एसी फार गार आहे, माझी छत्री कुणीतरी नेली, प्रिंटरमध्ये कागद संपले तरी कुणी भरत नाही, असं काहीही कुणाला म्हणायचं असेल तर त्याने आधी खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांवर, जाऊन काकांसाठी एक कोपी-ओ, म्हणजे पिशवीत मिळणारी बिनदुधाची कॉफी, आणायची आणि मग तोंड उघडायचं. ही झाली कोर्ट फी. तक्रार आठवड्याहून जुनी असेल तर कोपीबरोबर बटाट्याचा करी पफ. हा सरचार्ज.

"कोर्टात नुसता कागद आत सरकवायचा म्हटलं तरी फी पडते," काका म्हणायचे, "वर हा आकार, तो आकार. का? तर पाकीट काढताना माणूस एकदा विचार करतो की आपल्याला खरंच भांडायचंय का. निम्मी भांडणं पाकिटातच मिटतात."

मी नवीन असताना माझ्या बऱ्याच तक्रारी लिफ्टमध्येच विरून गेल्या. खाली जायचं, रांगेत उभं राहायचं, गरम पिशवी सांभाळत वर यायचं, तोवर राग कुठल्या कुठे जायचा. बॉससुद्धा या नियमाला अपवाद नव्हती. ती सिंगापूरची चिनी बाई, फर्म तिच्या मालकीची, काका तिचे नोकर. पण काकांनी रिपोर्ट उशिरा दिला म्हणून ओरडायला ती त्यांच्या टेबलाशी आली की तिच्या हातात कोपी असायची.

आमची फर्म क्वीन्सटाउनला, जुन्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर होती. काम मालमत्तेच्या मूल्यांकनाचं. घर घेणाऱ्याला, विकणाऱ्याला किंवा बँकेला आम्ही सांगायचो की या घराची वाजवी किंमत इतकी. काका तिथले सर्वांत जुने व्हॅल्युअर. ऐंशीच्या दशकात मुंबईहून एका बांधकाम कंपनीत आले आणि इथलेच झाले. मी दोन हजार नऊच्या अखेरीस लागले, नवऱ्याच्या नोकरीमागे पुण्याहून आलेली, घरी बसून कंटाळलेली. काकांच्या हाताखाली मदतनीस.

काकांच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात पेन्सिल, आणि अंगठ्याशी रफू केलेले मोजे. मोजे मुद्दाम सांगते, कारण त्यांचं सगळं काम पायांवर होतं. दुसऱ्याच्या घरात शिरले की बूट काढायचे, मोजे काढून बुटात कोंबायचे आणि अनवाणी खोली मोजायला लागायचे. भिंतीला टाच लावून निघायचं, समोरच्या भिंतीला अंगठा लागेपर्यंत पावलं. मोजायचं लेझर मशीन त्यांच्या पिशवीत असे, पण ते नंतर निघे. आकडा बघून काका मान डोलवत म्हणायचे, "मशीन आज बरोबर आहे."

"पाय लागल्याशिवाय सही नाही," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं ते सहा, तीन, पंधरा.

"नीट ऐक. आपण किंमत चुकीची सांगितली, त्या भरवशावर एखाद्याने घर घेतलं आणि त्याचं नुकसान झालं, तर त्याला आपल्यावर दावा लावायला सहा वर्षं. चूक त्याला तेव्हा कळण्यासारखीच नसेल, तर कळल्या दिवसापासून तीन. आणि काही झालं तरी पंधराच्या पुढे नाही. म्हण."

मी चाळिशीकडे झुकलेली बाई, पण पाढे म्हणावेत तसं म्हटलं. सहा, तीन, पंधरा.

प्रत्येक फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर ते पेन्सिलीने तीन चौकटी आखायचे. पहिलीत सहा वर्षांनंतरची तारीख, शेवटचीत पंधरा वर्षांनंतरची. मधली रिकामी.

"ही का रिकामी?"

"कारण ती तारीख आपल्या हातात नसते. समोरच्याला ज्या दिवशी कळेल, त्या दिवसापासून मोजायची. कळलंच नाही तर ती रिकामीच राहणार."

एखाद्या फाइलला सहा वर्षं पुरी झाली की काका ती कपाटातून काढायचे, कोपी मागवायचे आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. मग ती वरच्या फळीवर, पंधराची वाट बघत. आम्ही याला फाइलचं सहावं म्हणायचो. बॉसला हा शुद्ध वेळेचा अपव्यय वाटायचा. "सेफ ऑलरेडी, स्टिल रीडिंग!" असं ती जाता जाता म्हणायची. काका मान वर न करता पान उलटायचे.

मुदतीचं हे वेड त्यांनी घरीही नेलं होतं. ते सेम्बावांगला राहायचे, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी आम्हाला जेवायला बोलवायचे. काकू वाढता वाढता हमखास त्यांच्या लग्नातला विषय काढायच्या. काकांची आत्या पंक्तीत काकूंच्या वडिलांना काहीतरी लागेल असं बोलली होती.

"पंधरा वर्षांची हद्द कधीच ओलांडली," काका वरणात तूप ओतत म्हणायचे. "दावा ऐकता येणार नाही."

"तुमच्या कोर्टात नसेल येत. माझ्या कोर्टात मुदत नसते," काकू म्हणायच्या, आणि त्यांच्या पानात सगळ्यात करपलेली पोळी पडायची.

माझी मुलगी पहिलीत होती. एकदा तिने त्यांना दारातच धरलं. "आजोबा, यू प्रॉमिस मी द आइस्क्रीम, देन यू फर्गेट, लाह!"

"केव्हाची गोष्ट?"

"लास्ट टाइम वी कम."

"म्हणजे महिना झाला. मुदतीत आहेस. पण सरचार्ज लागेल." तिने आपल्या हातातलं अर्धं बिस्कीट दिलं. काकांनी ते खाल्लं आणि तसेच चपला घालून तिला खाली घेऊन गेले. त्या दिवशी जेवायला अडीच वाजले.

जेवणानंतर एक कार्यक्रम ठरलेला असे. त्यांच्या इमारतीखाली, सिंगापूरच्या बहुतेक सरकारी वसाहतींच्या इमारतींखाली असते तशी, खांबांवर उभी मोकळी जागा होती. तिथे काका अनवाणी व्हायचे आणि खडूने जमिनीवर टिंबं देत चालायला लागायचे. अलिबागजवळ नागावला त्यांना एक लहानसं घर बांधायचं होतं. निवृत्तीनंतर दोघांनी तिथे जाऊन राहायचं. आयुष्यभर साठवलं होतं ते यासाठी. "हा ओटा. इथून आत आलं की बाहेरची खोली, चौदा पावलं." काकू एका खांबाला टेकून उभ्या असायच्या. "स्वयंपाकघर एवढंच? त्यात मी वळू कशी?" मग काका दोन पावलं मागे घ्यायचे. सायकल फिरवणारी मुलं त्या घराच्या भिंतींतून आरपार जायची. त्या घराच्या दर महिन्याला नव्याने पडणाऱ्या खोल्या बघून मी पोट धरून हसायचे, आणि मनात म्हणायचे, देवा, हे एवढं होऊ दे यांचं.

आता ज्या फाइलसाठी मी हे सगळं सांगत बसले, तिच्याकडे येते.

मी लागल्याला जेमतेम सहा महिने झाले असतील. पुण्याचं एक जोडपं घर घेणार होतं. तो आयटीत मॅनेजर, ती अकाउंटंट. इथल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात काकांची ओळख झालेली, म्हणून त्यांनी मुद्दाम आमच्याकडून स्वतःसाठी मूल्यांकन मागितलं. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा कोंडो, म्हणजे खासगी सोसायटीतला फ्लॅट. नेमकं त्याच आठवड्यात काकूंचं ऑपरेशन होतं. काका हॉस्पिटलात बसून होते. ते घर बघायला मी एकटी गेले.

आणि मी हरखले. मी पुण्यात दोन खोल्यांत वाढलेली. त्या घराच्या हॉलला छत दोन मजल्यांएवढं उंच होतं. वर बघून मला वाटलं, किती हे प्रशस्त! मशीनचं बटण दाबायचंही सुचलं नाही. कागदावर क्षेत्रफळाचा आकडा होता, तो मी तसाच उचलला आणि शेजारपाजारच्या घरांच्या भावाने गुणला. कागदावरच्या त्या आकड्यात हॉलवरची ती पोकळीसुद्धा धरलेली असते, हे मला माहीत नव्हतं. जिथे पाय ठेवता येत नाही, अशी एक अख्खी खोलीभर हवा मी जमिनीच्या भावाने लावली. काकांनी हॉस्पिटलच्या बाकावर रिपोर्ट वाचला, माझ्यावर विश्वास ठेवला आणि पाय न लावता सही केली. त्यांच्या सगळ्या नोकरीतली तशी ती एकच सही.

त्या जोडप्याने घर घेतलं. सहा वर्षं कुणालाच काही कळलं नाही.

सहाव्याच्या दिवशी काकांनी फाइल काढली. मी समोरच बसले होते. त्यांनी नकाशाची घडी उलगडली, आणि एका जागी पेन्सिल टेकवली. मग मला जवळ बोलावलं. "हॉलच्या वर ही तुटक रेघ दिसते? ती काय आहे?"

मी बघितलं. या सहा वर्षांत मी काम शिकले होते. ती हॉलवरची पोकळी होती.

"काका, हे मी..."

"सही कोणाची आहे?" ते म्हणाले.

बॉसला त्यांनी लगेच सांगितलं. तिने दार लावून घेतलं, पण तिचा आवाज दाराबाहेर येण्याइतका होता. "टुडे सिक्स इयर्स ओव्हर! यू डोन्ट टेल, दे डोन्ट नो. दे डोन्ट नो, वेअर गॉट थ्री इयर्स? यू टॉट मी धिस, काका, यू!" पुढचं तिने हळू आवाजात समजावलं. असल्या दाव्यांसाठी फर्मचा विमा होता, पण आपण होऊन चूक कबूल केली तर विमा कंपनी हात वर करणार. काकांनी तिथल्या तिथे एका कागदावर लिहून दिलं की या फाइलपायी जे काही भरावं लागेल ते माझ्या साठवणीतून. साठवण कसली, नागावचं घर होतं ते. मला ते माहीत होतं आणि बॉसलाही. "यू आर वन मॅड ओल्ड मॅन," ती म्हणाली आणि डोळे पुसत बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. काका आणि मी त्या जोडप्याच्या घरी गेलो. वाटेत MRT ट्रेनमध्ये त्यांनी मला बजावलं, "तू फक्त नकाशा धरायचास. बोलायचं नाही."

तिथे त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि बसण्याआधी हॉल पावलांनी मोजला. मग वर बोट दाखवून जे होतं ते सांगितलं. एक खोलीभर हवेचे पैसे तुम्ही जास्त मोजलेत, माझ्या सहीमुळे.

तो तरुण उठून उभाच राहिला. "काका, हे तुम्ही आत्ता सांगताय? सहा वर्षांनी?"

"मला काल कळलं."

"आणि नसतं सांगितलं तर?"

"तर तुम्हाला कळलं नसतं. म्हणून तर आलो." त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून त्याच्या बायकोच्या हातात दिली. "आजपासून तीन वर्षं. तारीख लिहिली आहे. आधी दुसऱ्या व्हॅल्युअरकडून तपासून घ्या, मग वकिलाकडे जा. कोर्टाची फी असते, वर बाकीचे आकार असतात, ते आधी विचारून घ्या. आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, धावपळ होते."

आपल्याच विरुद्धचा दावा कसा लावायचा हे ते इतकं नीट सांगत होते की मला रडू यायला लागलं. चूक माझी आहे, हे मी चारदा ओठांपर्यंत आणलं. चारही वेळा काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नकाशाची घडी घालत राहिले. त्या बाईने चहा विचारला नाही. तिचं काहीच चुकलं नाही.

ऑफिसात परत आल्यावर काकांनी फाइल उघडली आणि मधल्या चौकटीत स्वतःच्या हाताने तारीख घातली. इतक्या वर्षांत मी भरलेली मधली चौकट पहिल्यांदाच बघत होते.

पुढची तीन वर्षं काका अगदी पूर्वीसारखे वागले. म्हणूनच ती मला फार जड गेली. कोपी-ओ चालू होत्या, करी पफ चालू होते. फक्त इमारतीखाली खडू काढणं बंद झालं. नागावचा मालक जागेसाठी फोन करायचा आणि काका त्याला म्हणायचे, "थोडं थांबा. पैसे आहेत, पण ते माझे आहेत की नाहीत हे अजून ठरायचंय." वर्षभराने त्या जोडप्याच्या वकिलाचं पत्र आलं, आम्ही आमचे सगळे हक्क राखून आहोत असं. मग काहीच नाही. काकूंचे गुडघे धरायला लागले. त्या एकदा स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "ओटा आता कमी उंचीचा करायला सांगेन, पायरी चढवत नाही." घराबद्दल एवढंच बोलल्या. काकांना त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. मी मात्र काकांच्या समोर बसून रोज डबा उघडायचे आणि अर्धा तसाच घरी न्यायचे.

मधल्या चौकटीतल्या तारखेपासून तीन वर्षं पुरी व्हायच्या आदल्या दिवशी चार वाजता मी खाली गेले. एक कोपी-ओ घेतली, आणि त्या काउंटरवर होते नव्हते तेवढे सगळे बटाट्याचे करी पफ. वर येऊन पिशवी काकांच्या टेबलावर ठेवली.

"तक्रार दाखल करायची आहे."

त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं. "कुणाविरुद्ध?"

"तुमच्याविरुद्ध."

"केव्हाची?"

"नऊ वर्षांपूर्वीची."

"मुदत गेली. कोपी ठेव, पफ वाटून टाक."

"मला कळलं फाइलच्या सहाव्याला, त्याला अजून तीन वर्षं व्हायची आहेत," मी म्हटलं. "आज शेवटचा दिवस आहे. मुदतीत आहे मी."

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. बॉस आपल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिला मराठी कळत नव्हतं, पण पिशवीचा आकार कळला असावा.

"बोल," काका म्हणाले.

"त्या घरात मी गेले होते. वर बघून मी हुरळले. आकडा मी उचलला. तुम्ही मला त्यांच्यासमोर तोंड उघडू दिलं नाहीत. तीन वर्षं काकूंचं घर अडून राहिलं, माझ्यामुळे, आणि कुठल्याही कागदावर माझं नाव नाही. माझी चूक तुम्ही माझ्याकडून काढून घेतलीत, काका. मला ती परत हवी आहे."

एवढं बोलून मी रडले. ऑफिसात, सगळ्यांसमोर, नाक लाल होईपर्यंत. काकांनी एक पफ काढला आणि सावकाश, चुरा न सांडता संपवला. मग दुसरा.

"दावा मान्य," ते म्हणाले. "सही करणारा तो जबाबदार, हे बदलणार नाही. पण मोजणाऱ्याचं नाव कागदावर हवं होतं. ते मी घातलं नाही. ही माझी दुसरी चूक."

त्या दिवशी वकिलाकडून काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काकांनी आणखी एक आठवडा वाट पाहिली, टपाल उशिरा येतं म्हणून, आणि मग नागावला फोन केला.

पुढे मंडळाच्या गणपतीत ती अकाउंटंट मला भेटली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "पत्र पाठवलं ते रागात. पुढे जायचं म्हणून फी वगैरे सगळं विचारून ठेवलं होतं. वकील म्हणाला, पुरावा काय? आम्ही म्हटलं, ते स्वतःच घरी येऊन सांगून गेले. तो म्हणाला, मग तर फारच सोपं आहे. ते 'सोपं आहे' ऐकलं आणि ह्यांनाच पुढे जाववेना." मग म्हणाली, "राग गेलाय असं नाही हं. त्या उंच हॉलच्या एसीचं बिल आलं की ह्यांना अजून काका आठवतात."

काका-काकू नागावला जायच्या आधीच्या रविवारी त्यांनी मला सेम्बावांगला बोलावलं. इमारतीखाली नेलं आणि खडू माझ्या हातात दिला. "चपला काढ. घर तू मोजायचंस." मी साडीचा काठ वर धरून अनवाणी चालले. ओटा, बाहेरची खोली, मग स्वयंपाकघर. काकू खांबाला टेकून म्हणत होत्या, "आणखी एक पाऊल घे गं, संकोच नको करू." काका मागून येत लिहून घेत होते. त्यांनी स्वतः एकही पाऊल मोजलं नाही.

घर बांधून झालं तेव्हा त्यांनी मला नकाशाचा फोटो पाठवला. कोपऱ्यात लिहिलं होतं, मोजणी, आणि पुढे माझं संपूर्ण नाव. त्याखाली, सही, आणि त्यांची सही. अगदी तळाशी पेन्सिलीच्या तीन चौकटी. पहिलीत सहा वर्षांनंतरची तारीख, शेवटचीत पंधरा वर्षांनंतरची. मधली रिकामी.

मी लगेच फोन लावला. "काका, घर कसं झालंय? स्वयंपाकघर बरोबर आलं ना?"

"अजून तरी काही कळलेलं नाही," ते म्हणाले. मागून काकूंचा भांडी लावण्याचा आवाज येत होता. "कळलं की कळवीन. तू कोपी तयार ठेव."